लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन

लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन ही संगणकीय आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत आज्ञावलीची सर्व मॉड्यूले आधी एकत्र जोडली जातात आणि त्यानंतर त्या एकसंध रूपापासून यंत्रसंकेत तयार केला जातो. पारंपरिक पद्धतीत हा क्रम उलट असतो. तिच्यात प्रत्येक मॉड्यूलचा यंत्रसंकेत स्वतंत्रपणे तयार होतो आणि लिंकर हे तयार तुकडे केवळ एकमेकांस जोडून एक्झिक्युटेबल, म्हणजे प्रत्यक्ष चालवता येणारी फाइल, बनवतो. क्रम बदलल्यामुळे कंपायलरला संपूर्ण आज्ञावली एकाच वेळी पाहता येते आणि एका मॉड्यूलमधील माहितीच्या आधारे दुसऱ्या मॉड्यूलमध्ये सुधारणा करता येते. ही पद्धत संक्षेपाने 'एलटीओ' या नावाने ओळखली जाते.

जीसीसी, एलएलव्हीएम आणि मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ या प्रमुख कंपायलरांमध्ये ही सोय उपलब्ध आहे. एलएलव्हीएमच्या दोन जनकांपैकी विक्रम आडवे हे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) येथील पदवीधर आहेत. याच संस्थेत जीसीसीच्या एलटीओ यंत्रणेचा उपयोग करून संपूर्ण आज्ञावलीच्या विश्लेषणावर संशोधन झाले आहे.

पार्श्वभूमी

आरंभीच्या संगणकांवरील आज्ञावल्या लहान असत आणि त्या एकसंध लिहिल्या जात. आज्ञावल्यांचा आकार वाढू लागला, तसे प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी संपूर्ण आज्ञावलीचे पुन्हा भाषांतर करणे परवडेनासे झाले. १९५८ साली आलेल्या फोरट्रान-२ या भाषेत उपकार्ये स्वतंत्रपणे भाषांतरित करून नंतर जोडण्याची सोय होती. हीच 'स्वतंत्र संकलन' पद्धत पुढे सी भाषा आणि युनिक्स प्रणालीबरोबर सर्वत्र रुजली. या पद्धतीत काम तीन टप्प्यांत होते.

१. कंपायलर प्रत्येक स्रोत फाइल वाचतो आणि तिचे एका मध्यवर्ती रूपात रूपांतर करतो. हे रूप मानवी भाषेच्या जवळ नसते आणि कोणत्याही विशिष्ट प्रोसेसरशीही बांधलेले नसते.

२. मध्यवर्ती रूपावर सुधारणा करून कंपायलर त्यापासून यंत्रसंकेत तयार करतो आणि तो ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवतो.

३. लिंकर सर्व ऑब्जेक्ट फाइली व लायब्ररी एकत्र करतो, प्रत्येक फंक्शनला व चलाला अंतिम पत्ता देतो आणि एक्झिक्युटेबल तयार करतो.

या पद्धतीचा मोठा लाभ असा, की एक फाइल बदलली तर तेवढ्याच फाइलचे पुन्हा संकलन करावे लागते. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलेले 'मेक' हे साधन याच तत्त्वावर उभे आहे.

तिची उणीवही याच रचनेतून उद्भवते. सुधारणा करण्याची सर्व बुद्धी दुसऱ्या टप्प्यातील कंपायलरकडे असते. पण त्याला त्या वेळी एकच फाइल दिसते. तिसऱ्या टप्प्यातील लिंकरसमोर संपूर्ण आज्ञावली असते. पण तोपर्यंत तिचा यंत्रसंकेत झालेला असतो. कोणता चल कोणत्या प्रकारचा होता, कोणते वर्तुळ कोठून सुरू होत होते, कोणते मूल्य कधीही बदलत नव्हते, ही माहिती यंत्रसंकेतात जवळजवळ नष्ट झालेली असते. ज्याला कळते त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला कळत नाही, अशी ही स्थिती आहे. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन याच अडचणीवरील उपाय आहे.

कार्यपद्धती

एलटीओ वापरताना दुसऱ्या टप्प्यात कंपायलर यंत्रसंकेत तयार न करता थांबतो. ऑब्जेक्ट फाइलमध्ये तो मध्यवर्ती रूपच साठवतो. जीसीसीमध्ये या रूपास 'जिंपल' म्हणतात, तर एलएलव्हीएममध्ये ते 'बिटकोड' या स्वरूपात साठवले जाते. अशी ऑब्जेक्ट फाइल बाहेरून नेहमीसारखी दिसते. परंतु तिच्यात प्रोसेसरला चालवता येईल असे काहीही नसू शकते.

जोडणीच्या वेळी लिंकर प्रथम सर्व फाइलींमधील नावांची यादी करतो. कोणते फंक्शन कोठे आहे, कोणते नाव बाहेरच्या लायब्ररीस दिसणे आवश्यक आहे आणि कोणते केवळ आतल्या आत वापरले जाते, हे त्याला यावरून ठरवता येते. ही माहिती तो एका प्लगिनमार्फत कंपायलरला देतो. कंपायलर सर्व मॉड्यूलांचे मध्यवर्ती रूप एकत्र वाचतो, त्यावर सुधारणा करतो आणि मगच यंत्रसंकेत तयार करून लिंकरकडे परत पाठवतो. लिंकर त्यापासून अंतिम एक्झिक्युटेबल बनवतो.

लिंकरने दिलेल्या नावांच्या माहितीचे महत्त्व विशेष आहे. एखादे फंक्शन बाहेरून कोणीही वापरू शकत असेल, तर कंपायलरला ते काढून टाकता येत नाही किंवा त्याचे स्वरूप बदलता येत नाही. 'याला बाहेर कोणीही विचारणार नाही' अशी खात्री मिळाल्यावर मात्र त्या फंक्शनचे काहीही करण्याची त्याला मोकळीक मिळते.

एकत्र रूपावर होणाऱ्या प्रमुख सुधारणा पुढीलप्रमाणे आहेत.

• इनलायनिंग: दुसऱ्या मॉड्यूलमधील लहान फंक्शनला हाक मारण्याऐवजी त्याचा मजकूर हाकेच्या जागीच ठेवणे.
• स्थिर मूल्यांचा प्रसार: एखाद्या फंक्शनला सर्व ठिकाणांहून एकच मूल्य दिले जात असेल, तर ते मूल्य फंक्शनच्या आत गृहीत धरणे.
• मृत भाग वगळणे: कोणीही न वापरलेली फंक्शने, चल व अटींच्या शाखा काढून टाकणे.
• अप्रत्यक्ष हाकांचे प्रत्यक्ष हाकांत रूपांतर: सी++ मधील आभासी फंक्शनची एकच अंमलबजावणी संपूर्ण आज्ञावलीत असेल, तर तिलाच थेट हाक मारणे.
• मांडणी: एकमेकांना वारंवार हाक मारणारी फंक्शने स्मृतीत जवळजवळ ठेवणे.

उदाहरण

वऱ्हाडातील एखाद्या बाजार समितीत कापसाची देयके तयार करणारी एक काल्पनिक आज्ञावली घेऊ. तिची तीन मॉड्यूले आहेत. 'वजन' या मॉड्यूलमध्ये किलोग्रॅमचे क्विंटल करणारे एक फंक्शन आहे. ते दिलेल्या संख्येला १०० ने भागते. 'दर' या मॉड्यूलमध्ये धाग्याची लांबी सांगितली असता प्रतिक्विंटल दर देणारे फंक्शन आहे. त्यात लांब धागा, मध्यम धागा आणि अनोळखी प्रकार अशा तीन शाखा असून तिसऱ्या शाखेत चुकीचा संदेश दाखवण्याची सोय आहे. दर एका तक्त्यात ठेवलेले आहेत. 'देयक' हे मुख्य मॉड्यूल आहे. ते दिवसभराच्या नोंदी एकामागून एक वाचते, प्रत्येक नोंदीचे क्विंटल काढते, दर विचारते आणि दोहोंचा गुणाकार करते. या समितीत केवळ लांब धाग्याचा कापूस येतो, असे मानू. त्यामुळे 'देयक' मॉड्यूल दर विचारताना नेहमी 'लांब धागा' हेच सांगते.

स्वतंत्र संकलनात 'देयक' मॉड्यूलचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरला इतर दोन फंक्शनांची केवळ नावे व प्रकार माहीत असतात. त्यांच्या आत काय आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीसाठी तो दोन हाका लिहितो. दर प्रत्येक नोंदीगणिक बदलू शकेल, असेही त्याला गृहीत धरावे लागते. 'दर' मॉड्यूलचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरला हाक कोठून येणार हे ठाऊक नसते, म्हणून तो तिन्ही शाखा ठेवतो.

एलटीओमध्ये तिन्ही मॉड्यूले एकत्र दिसताच पुढील गोष्टी क्रमाने घडू शकतात. 'वजन' मधील भागाकार थेट वर्तुळात येतो. 'दर' फंक्शनला नेहमी 'लांब धागा' हेच सांगितले जाते, हे लक्षात आल्यामुळे उरलेल्या दोन शाखा आणि चुकीचा संदेश गळून पडतात. दरांचा तक्ता आज्ञावलीत कोठेही बदलला जात नाही आणि तो बाहेर कोणालाही दिसत नाही, हे सिद्ध झाल्यामुळे दर स्थिर ठरतो आणि तो वर्तुळाच्या बाहेर एकदाच काढला जातो. शेवटी वर्तुळात एकही हाक उरत नाही. त्यामुळे आधुनिक प्रोसेसरच्या सदिश आज्ञा वापरून अनेक नोंदींची रक्कम एकाच वेळी काढणेही शक्य होते.

यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे शक्य होते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. एका हाकेचा वेळ वाचणे हा लाभ लहान आहे. हाकेची भिंत दूर झाल्यावर पलीकडे जे दिसते, त्यातून होणारा लाभ त्याहून मोठा असतो.

याच उदाहरणातून पद्धतीची मर्यादाही दिसते. दरांचा तक्ता एखाद्या पॉइंटरमार्फत बदलला जात असण्याची शक्यता असेल, तर तो स्थिर मानता येत नाही. कोणता पॉइंटर कोठे निर्देश करतो हे जितके अचूक कळेल, तितकी सुधारणा निर्धोकपणे करता येते.

विद्यार्थ्यांना ही क्रिया जीसीसी बसवलेल्या कोणत्याही संगणकावर तपासून पाहता येते. वरीलप्रमाणे दोन किंवा तीन लहान सी फाइली लिहून त्या एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा 'एफ-एलटीओ' हा पर्याय देऊन संकलित कराव्यात. हा पर्याय संकलन व जोडणी या दोन्ही वेळी द्यावा लागतो. नंतर दोन्ही एक्झिक्युटेबल फाइलींचे यंत्रसंकेत डिसअसेम्बलरने उघडून पाहिल्यास लहान फंक्शने दुसऱ्या फाइलमधून नाहीशी झाल्याचे आढळते.

इतिहास

जोडणीच्या वेळी आज्ञावली सुधारण्याची कल्पना १९८० च्या दशकात आकारास आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पश्चिम संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड वॉल यांनी १९८६ साली जोडणीच्या वेळी संपूर्ण आज्ञावलीसाठी रजिस्टरांचे वाटप करण्याची पद्धत मांडली. त्यांच्या पद्धतीत यंत्रसंकेत आधीच तयार होत असे. मात्र कोणती आज्ञा वगळता येईल याच्या खुणा कंपायलर ऑब्जेक्ट फाइलमध्ये सोडून देई. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मिप्स कंपनीच्या कंपायलरांनी 'यूकोड' हे मध्यवर्ती रूप वापरून मॉड्यूले यंत्रसंकेत-निर्मितीपूर्वीच जोडण्याची व्यवस्था केली. आजच्या एलटीओचा सांगाडा तेथे स्पष्टपणे दिसतो.

१९९० च्या दशकात प्रश्न होता तो स्मृतीचा. मोठ्या आज्ञावलीचे संपूर्ण मध्यवर्ती रूप तत्कालीन संगणकांच्या स्मृतीत मावत नसे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गरजेपुरताच भाग स्मृतीत आणून बाकीचा डिस्कवर ठेवण्याचे तंत्र वर्णिले आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ सालच्या व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट या आवृत्तीत अशीच सोय सर्वसामान्य प्रोग्रॅमरांसाठी उपलब्ध करून दिली.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात (अर्बाना-शँपेन) २००० साली ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी एलएलव्हीएम या प्रकल्पास आरंभ केला. त्यांचा २००४ सालचा शोधनिबंध आज्ञावलीच्या संपूर्ण आयुष्यभर, म्हणजे संकलन, जोडणी, स्थापना आणि प्रत्यक्ष चालण्याच्या काळातही, तिचे मध्यवर्ती रूप जपून ठेवावे आणि त्यावर सुधारणा करत राहावे, असा विचार मांडतो. जोडणीच्या वेळची सुधारणा हा या विचाराचा केवळ एक भाग होता. परंतु तोच सर्वाधिक रुळला. एलएलव्हीएमला २०१२ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. तो लॅटनर, आडवे आणि इव्हान चेंग यांना देण्यात आला.

जीसीसीमध्ये ही सोय एप्रिल २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.५ या आवृत्तीपासून आली. त्यानंतर मुक्त स्रोत जगतात तिचा प्रसार झाला. ओपनसुसे टंबलवीडने २०१९ मध्ये आणि फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीत आपल्या पॅकेजांसाठी एलटीओ मूलभूत पर्याय म्हणून स्वीकारले. लिनक्स कर्नलच्या मुख्य शाखेत क्लँग कंपायलरद्वारे एलटीओ करण्याची सोय २०२१ मधील ५.१२ या आवृत्तीत समाविष्ट झाली.

मोठ्या आज्ञावल्यांसाठीचे उपाय

संपूर्ण आज्ञावली एकाच वेळी स्मृतीत आणणे हा या पद्धतीचा सर्वांत मोठा खर्च आहे. याचा ठळक अनुभव मोझिलाच्या फायरफॉक्स या न्याहाळकाला आला. त्याची विंडोजसाठीची आवृत्ती व्हिज्युअल सी++ च्या याच पद्धतीने तयार होत असे. तेव्हाचा लिंकर ३२-बिट होता. डिसेंबर २०११ मध्ये जोडणीच्या वेळी लागणारी स्मृती ३ जीबीच्या मर्यादेपर्यंत पोहोचली आणि फायरफॉक्सची बांधणीच होईना. ६४-बिट विंडोजवर तोच लिंकर चालवून ही मर्यादा ४ जीबीपर्यंत वाढवता आली. तरीही काही भाग या सुधारणेतून वगळावे लागले. संगणकात कितीही स्मृती बसवली, तरी ३२-बिट लिंकरला तिचा उपयोग नव्हता.

या अडचणीवर दोन प्रकारचे उपाय निघाले. जीसीसीमध्ये काम तीन भागांत विभागले जाते. पहिल्या भागात प्रत्येक फाइलचे मध्यवर्ती रूप आणि त्याचा सारांश तयार होतो. दुसऱ्या भागात केवळ सारांश आणि हाकांचा आलेख पाहून निर्णय घेतले जातात. फंक्शनांचे अंतरंग या वेळी वाचले जात नाही. तिसऱ्या भागात आज्ञावलीचे तुकडे करून ते अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी यंत्रसंकेतात बदलले जातात.

एलएलव्हीएममधील 'थिन-एलटीओ' या पद्धतीविषयीचा शोधनिबंध टेरेसा जॉन्सन, मेहदी अमिनी आणि डेव्हिड ली यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. या पद्धतीत मॉड्यूले प्रत्यक्ष एकत्र केली जातच नाहीत. सर्वांच्या सारांशांची एक सामाईक सूची तयार होते आणि तिच्या आधारे प्रत्येक मॉड्यूल आपल्याला हवी तेवढीच फंक्शने दुसऱ्याकडून आयात करते. त्यामुळे एका फाइलच्या बदलानंतर सर्व काम पुन्हा करावे लागत नाही, आणि स्वतंत्र संकलनाचा मूळ लाभ बऱ्याच अंशी परत मिळतो.

याहून सरळ उपाय म्हणजे सर्व स्रोत फाइली एकाच फाइलमध्ये लिहिणे. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते शंभराहून अधिक फाइलींतील मजकूर एकाच मोठ्या सी फाइलमध्ये एकत्र करून वितरित करतात. यामुळे वेगात ५ टक्के किंवा अधिक वाढ सामान्यतः दिसते, असे ते नमूद करतात.

संबंधित पद्धती

यंत्रसंकेत तयार होण्याआधीच मॉड्यूले एकत्र बांधण्याची कल्पना जोडणीपुरती मर्यादित नाही. काही प्रणालींत यंत्रसंकेत-निर्मिती वापरकर्त्याच्या यंत्रापर्यंत पुढे ढकललेली असते.

सर्वांत परिचित उदाहरण अँड्रॉइड फोनचे आहे. जावा किंवा कोटलिन भाषेतील मॉड्यूलांपासून प्रथम अनेक क्लास फाइली तयार होतात. नंतर त्या सर्व एकत्र करून 'डेक्स' स्वरूपाची फाइल बनवली जाते. तिच्यात सर्व क्लासांची नावे व स्थिर मूल्ये एका सामाईक तक्त्यात ठेवल्यामुळे पुनरुक्ती टळते. डेक्स हे 'डाल्विक एक्झिक्युटेबल' याचे लघुरूप असले, तरी त्यात फोनच्या प्रोसेसरचा यंत्रसंकेत नसतो. अँड्रॉइड ५.० पासून (२०१४) हा यंत्रसंकेत अ‍ॅप स्थापित होताना फोनवरच तयार होऊ लागला. ७.० पासून (२०१६) काही भाग अ‍ॅप चालताना आणि काही भाग फोन चार्जिंगला लावलेला व निष्क्रिय असताना तयार होतो. एका डेक्स फाइलमधून उल्लेखिता येणाऱ्या पद्धतींची संख्या ६५,५३६ इतकी मर्यादित असते, कारण तिच्या आज्ञांमध्ये पद्धतीचा क्रमांक १६ बिटांत लिहिला जातो. मोठ्या अ‍ॅपमध्ये म्हणूनच एकाहून अधिक डेक्स फाइली असतात.

आयबीएमच्या एएस/४०० या संगणकावर (१९८८) आज्ञावल्यांबरोबर त्यांचे यंत्रनिरपेक्ष रूपही साठवलेले असे. १९९५ साली कंपनीने त्याचा प्रोसेसर बदलून पॉवरपीसी कुळातील ६४-बिट प्रोसेसर स्वीकारला. ज्या आज्ञावल्यांचे यंत्रनिरपेक्ष रूप जपलेले होते, त्यांचा नवा यंत्रसंकेत मूळ स्रोत संहितेशिवाय तयार करता आला. ज्यांनी जागा वाचवण्यासाठी ते रूप काढून टाकले होते, त्यांना मात्र पुन्हा संकलन करावे लागले. ॲपलनेही २०१५ पासून ॲप स्टोअरकडे बिटकोड स्वरूपात ॲप पाठवण्याची सोय ठेवली होती. ती २०२२ मध्ये मागे घेण्यात आली.

मर्यादा व धोके

एलटीओमुळे मिळणारी वेगवाढ बहुधा काही टक्क्यांचीच असते. आज्ञावलीचा बराचसा वेळ डिस्कची किंवा जाळ्याची वाट पाहण्यात जात असेल, तर ती जाणवतही नाही. एक्झिक्युटेबलचा आकार घटणे हा लाभ लहान स्मृतीच्या मायक्रोकंट्रोलरांवर अधिक मोलाचा ठरतो. बांधणीला लागणारा वेळ व स्मृती मात्र निश्चितपणे वाढते.

दुसरी मर्यादा मध्यवर्ती रूपाच्या अस्थिरतेची आहे. एका आवृत्तीच्या जीसीसीने तयार केलेली एलटीओ ऑब्जेक्ट फाइल दुसऱ्या आवृत्तीस वाचता येईलच असे नाही. त्यामुळे अशा फाइली दीर्घकाळ साठवण्यासाठी किंवा इतरांना वितरित करण्यासाठी योग्य नसतात.

सर्वांत गंभीर धोका शुद्धतेशी निगडित आहे. सी आणि सी++ भाषांच्या नियमांत न बसणाऱ्या अनेक चुका स्वतंत्र संकलनात निरुपद्रवी राहतात, कारण मॉड्यूलांमधील भिंत त्यांना झाकते. एखादे चल एका फाइलमध्ये पूर्णांक आणि दुसऱ्या फाइलमध्ये अपूर्णांक म्हणून घोषित केलेले असले, तरी पारंपरिक लिंकर केवळ नाव जुळते की नाही एवढेच पाहतो. एलटीओमध्ये कंपायलर दोन्ही घोषणा एकत्र वाचतो आणि नियम पाळले गेले आहेत असे गृहीत धरून सुधारणा करतो. परिणामी वर्षानुवर्षे चाललेली आज्ञावली अचानक चुकीचे उत्तर देऊ शकते. ही चूक एलटीओमुळे निर्माण झालेली नसते, ती केवळ उघडी पडते. याची दुसरी बाजू अशी, की दोन मॉड्यूलांमधील विसंगती केवळ याच टप्प्यावर दाखवता येतात. जीसीसी अशा विसंगतींबद्दल जोडणीच्या वेळी सूचना देतो.

महाराष्ट्रातील संशोधन व अध्यापन

पवई येथील आयआयटी मुंबईत कंपायलर या विषयावरील संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. धनंजय धामधेरे यांनी १९९१ साली मोरेल आणि रेनव्हॉइज यांच्या सुप्रसिद्ध सुधारणापद्धतीचे व्यवहार्य रूपांतर प्रसिद्ध केले. त्यांच्या 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स' या पाठ्यपुस्तकात असेम्बलर, कंपायलर आणि लिंकर यांचे विवेचन असून भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा डेटा-प्रवाह विश्लेषणावरील ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

खेडकर यांच्या पुढाकाराने संस्थेत जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. जीसीसीची स्रोत संहिता लक्षावधी ओळींची असल्याने नवख्या अभ्यासकाला तिच्यात शिरकाव करणे अवघड जाते. हे लक्षात घेऊन केंद्राने जीसीसीच्या अंतर्गत रचनेवर कार्यशाळा घेतल्या आणि त्यांची अध्ययनसामग्री खुली ठेवली.

पॉइंटरांच्या विश्लेषणाचा जो प्रश्न वरील उदाहरणात आला, त्यावर प्रीतम घरत, उदय खेडकर आणि केंब्रिज विद्यापीठातील ॲलन मायक्रॉफ्ट यांनी काम केले आहे. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक फंक्शन पॉइंटरांवर कोणते परिणाम करते याचा एक संक्षिप्त आलेख तयार होतो आणि ते फंक्शन जेथून हाकले जाते तेथे तो आलेख वापरला जातो. यासाठी सर्व फंक्शनांचे मध्यवर्ती रूप एकाच वेळी उपलब्ध असणे आवश्यक असते. म्हणून ही पद्धत जीसीसी ४.७.२ च्या एलटीओ यंत्रणेच्या आधारे उभारण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार ती सुमारे १,५८,००० ओळींपर्यंतच्या सी आज्ञावल्यांवर अचूकता न गमावता चालली. एलटीओचा असा उपयोग आज्ञावली वेगवान करण्यासाठी नसून ती समजून घेण्यासाठी आहे.

उद्योगक्षेत्रात पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसासच्या एसएच व एच८ या मायक्रोकंट्रोलरांसाठी जीसीसीवर आधारित साधनसंच तयार करून पुरवले.

वऱ्हाडात संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मुख्यतः १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आताच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, कार्यक्षेत्रात चालते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्यात येतात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६४), बडनेऱ्याचे प्रा. राम मेघे महाविद्यालय, शेगावचे श्री संत गजानन महाराज महाविद्यालय आणि अकोल्याजवळ बाभूळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालय ही या भागातील परिचित केंद्रे होत. संगणक शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात कंपायलर हा विषय शिकवला जातो. पाठ्यपुस्तकांत कंपायलर आणि लिंकर ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात व त्यांतील सीमारेषा पक्की मानली जाते. एलटीओमुळे ही सीमारेषा पुसट झाली असल्याने दोन्ही प्रकरणे एकत्र अभ्यासणे विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरते. जीसीसी व एलएलव्हीएम ही दोन्ही साधने विनामूल्य व मुक्त स्रोत असल्याने त्यासाठी साधा प्रयोगशाळा संगणकही पुरेसा असतो.

हेही पहा

• कंपायलर
• लिंकर
• जीसीसी
• एलएलव्हीएम
• यंत्रभाषा
• भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई